पांघरुणाखालचा पाय

आठवणी लिहायला माणूस आधी निवृत्त व्हावा लागतो, असा दिवाळी अंकांचा रिवाज दिसतो. मी निवृत्त नाही. तिशीसुद्धा ओलांडलेली नाही. जालन्याच्या एका मोठ्या दवाखान्यात मेडिसिन वॉर्डाची स्टाफ नर्स आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण उद्या मला तिथंच ड्यूटीला जायचंय. आजवर मी जे काही लिहिलं ते आमच्या संघटनेची पत्रकं. पुढच्या पानावर संताप, मागच्या पानावर मागण्या. लोक ती फाटकापाशी घेतात आणि चहाच्या टपरीपाशी टाकतात. संपादक फोनवर म्हणाले, "मॅडम, घोषणा नकोत, अनुभव द्या." देते. मधेच एखादी घोषणा निघून गेली तर तो माझा अनुभवच समजा.

ज्या आजाराबद्दल लिहितेय त्याला लोक भीत नाहीत, कारण त्यांनी त्याचं नावच ऐकलेलं नसतं. हार्ट अटॅक सगळ्यांना ठाऊक. हा तो नव्हे. हृदयाला आतून अस्तर असतं, ब्लाउजला असतं तसं, आणि झडपांवरूनही तेच अस्तर गेलेलं असतं. झडप आधीच खराब असेल, लहानपणीच्या सांधेतापानं किंवा वयानं, आणि रक्तात कुठून तरी जंतू शिरले, किडक्या दातातून म्हणा, चिघळलेल्या जखमेतून म्हणा, तर ते त्या झडपेवर बैठक मारतात. तिथं त्यांचा गोळा तयार होतो. ताप येतो, उतरतो, परत येतो. गावातला डॉक्टर सुई देतो, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. माणूस वाळत जातो. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर इतक्या सुया झालेल्या असतात, की रक्त तपासायला पाठवलं तर त्यात जंतू सापडत नाही. तो लपलेला असतो.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की त्या गोळ्याचा तुकडा कधीही तुटतो आणि रक्ताबरोबर निघतो. मेंदूत गेला तर लकवा. पायात गेला तर पाय काळा पडतो. गोळा आहे की नाही ते हृदयाच्या सोनोग्राफीची मशीन दाखवते. तुकडा कधी सुटला ते मशीन सांगत नाही. मशीन वरच्या मजल्यावर कुलपात असते. तुकडा सुटला हे नर्सला कळतं, तेही तिनं प्रत्येक पाळीला पेशंट नव्यानं पाहिला तर.

पाहायचं म्हणजे काय? नखं उजेडात धरायची. नखाखाली कुसळं रुतल्यासारख्या बारीक तांबूस रेघा आहेत का बघायच्या. खालची पापणी ओढून लाल ठिपके शोधायचे. तळहात बघायचे. तोंड उघडायला लावून दात बघायचे. दोन्ही हात वर करा, हसून दाखवा, असं सांगायचं. चेहरा एका बाजूला ओढला जातो का ते त्यात दिसतं. (हसा म्हटलं की म्हाताऱ्या बायका खरोखरच लाजून हसतात.) लघवीचा रंग विचारायचा. आणि शेवटी पाय. तळव्यांवर डाग, बोटांचा रंग, ऊब, नाडी. पावलाच्या वरच्या अंगाला, अंगठ्याच्या मागं दोन बोटं हलकेच टेकवली की नाडी लागते. दोन्ही पायांची एकाच वेळी बघायची, म्हणजे फरक कळतो.

यात थोर विद्या काही नाही. फक्त वेळ लागतो. आणि आख्ख्या वॉर्डाला एका पाळीत एक नर्स ठेवली की वेळ कुठून आणायचा, हे मला आजवर एकाही साहेबानं सांगितलेलं नाही. इंजेक्शनं चार ते सहा आठवडे, दिवसातून अनेकदा. तेवढे दिवस पेशंट आमच्याकडंच राहतो. सुरुवातीला खाटेभोवती घरचे चारजण असतात, मग दोन, मग कुणीच नाही. शेतीची कामं कुणासाठी थांबत नाहीत.

विचारायचे प्रश्नही ठरलेले असतात. त्यांची उत्तरं खाटेजवळ कोण उभं आहे त्यावर ठरतात, हे मला वाटूरकडच्या एका पोरीनं शिकवलं. नवं लग्न, हिरव्या बांगड्या, महिनाभर ताप. मी विचारलं, "लहानपणी सांधे सुजायचे का गं?" उत्तर सासूनं दिलं. "न्हाई! आम्ही निरोगी बघूनच केली." पोरगी खिडकीकडं बघत बसली. मी सासूला औषधाची चिठ्ठी देऊन खाली पिटाळलं. तिची पाठ वळली तशी पोरगी हळूच म्हणाली, "सुजायचे. दर तीन आठवड्याला सुई व्हती मला. लग्न जमलं आन् मायनं बंद केली. सासरी काय सांगून येऊ म्हंता सुईला?"

झडप वाचवणारी सुई लग्नासाठी बंद! यावर मी पत्रक लिहिलं होतं. ते टपरीपाशी पडलं. ती पोरगी बरी होऊन गेली. सासरी गेली की माहेरी, ते मला कळलं नाही. आमच्याकडून माणसं बरी होऊन जातात आणि त्यांचं पुढचं आम्हाला काही कळत नाही. या कामातला हा भाग कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

तेव्हापासून मी खाटेजवळ कोण उभं आहे ते आधी बघते. लिंबाजींच्या बाबतीत मात्र खाटेजवळ उभी होते ती मीच.

लिंबाजी कुंभार पिंपळगावचे. सत्तरीकडं झुकलेले, मोसंबीच्या बागेचे मालक, धोतर नेसणारे. बाजारच्या दिवशी कुणाकडून तरी दाढ काढून घेतली, तेव्हापासून ताप. झडप वयानं आधीच खराब झालेली. मशीनवर गोळा दिसला. मुलगा पुण्याला कंपनीत होता, तो दाखल करून गेला. बायको गावाकडं म्हशींपाशी. इथं ते एकटेच.

पहिल्याच दिवशी मी नखं बघत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "बोलणं जाफराबादकडचं वाटून राह्यलं तुझं. बराबर का?"

"हौ."

"माझी आक्का दिल्ती तिकडं." त्यांनी गावाचं नाव घेतलं.

माझंच गाव, आणि पिंपळगावहून तिथं दिलेली एकच. "चिंचेखालचं घर? जनाकाकू?"

माणूस ताडकन उठून बसला. "तू वळखती आक्काला?"

न ओळखायला काय झालं? आमच्या घराच्या मागं तिचं घर. गावच्या नात्यानं मी तिला काकू म्हणायचे. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

"म्हंजे आक्काच्या गावची लेक! आगं, मंग तू माझी भाची झाली की!" असं म्हणून, हाताला सलाईन लावलेलं असताना, ते खाटेवरून माझ्या पायांवर वाकले. आमच्याकडं मामा भाचीच्या पाया पडतो. भाची पाळण्यातली असली तरी. मी रबरी चपलेतले पाय मागं घेत होते आणि शेजारच्या खाटेवरचा पेशंट ओरडत होता, "ओ बाबा, सलाईन निघंल ना!"

"निघू दे. भाची हाये."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. मग पापण्या पाहिल्या, दात पाहिले, हात वर करायला लावले, आणि म्हणाले, "मामा, आता पाय."

त्यांनी दोन्ही पाय चादरीत ओढून घेतले.

"कामून हो?"

"भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा? मला नरकात बी उभं करणार न्हाईत."

"मामा, मी नर्स हे."

"आदी भाची. नौकरी मंग लागली तुला."

मी त्यावर तोड काढली. सकाळच्या पाळीला आमच्यात एक ब्रदर होते, म्हणजे पुरुष नर्स. ते पाय बघायचे, बाकी सगळं मी. नियमात कुठं बसत नव्हतं, पण चाललं होतं. नंतर ब्रदरना दुसऱ्या ठिकाणी तात्पुरतं पाठवलं. तात्पुरतं म्हणजे किती दिवस, हे विचारायचं नसतं. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. राउंडला डॉक्टर पाय बघत, तेवढंच. बाकी वेळ मी विचारायची, "मामा, पाय कसे हायेत?" आणि उत्तर यायचं, "बिलकुल बराबर."

मला हे पटत होतं का? नव्हतं. पण दुपारचं इंजेक्शन झालं की ते म्हणायचे, "बस भाचे. आक्काचं सांग." आणि मी बसायची.

आक्का त्यांच्यापेक्षा बरीच मोठी. तिनंच त्यांना कडेवर वाढवलेलं. लग्नानंतर दोन गाड्या बदलून जावं लागायचं, म्हणून भेटी कमी. शेवटच्या आजारात निरोप उशिरा गेला. "पोचलो तवर माती झाल्ती," ते म्हणायचे आणि सलाईनच्या बाटलीकडं बघत राहायचे. तिचे सासरचे दिवस त्यांनी फारसे पाहिलेच नव्हते. ते माझ्याकडं होते. जनाकाकूनं कोंबड्यांना भावकीतल्या बायकांची नावं ठेवली होती आणि रोज सकाळी अंगणात त्या नावांनी शिव्या घालायची. भावकी ऐकायची आणि काही बोलता यायचं नाही. हे मी सांगितलं तेव्हा लिंबाजी इतके हसले की खोकला लागला. "हां! आक्काच ती! बिलकुल आक्का!" दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट परत सांगायला लावली, शेजारच्या खाटेलाही ऐकू जाईल अशी.

माझंही सांगून टाकते. मी गावापासून लांब एका खोलीत राहते. संघटनेच्या बैठकीला आधी खोली भरायची, आता खुर्च्या उरतात. दिवसभर मला शंभरजण "शिस्टर" म्हणून हाक मारतात आणि त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नसतं. तसं असताना कुणी विचारतं, "भाचे, जेवली का? तोंड सुकलं तुझं." तर मी ड्यूटीवर जरा लवकर जायला लागले. यात लाजण्यासारखं काय आहे?

मग एक दुपार. वॉर्डात मी एकटी. मावशी पेशंटला घेऊन एक्स-रेला गेलेल्या, निवासी डॉक्टर खाली अपघात विभागात. ट्रॅक्टर उलटून माणसं आली होती. मी लिंबाजींच्या खाटेशी गेले तर ते भिंतीकडं तोंड करून पडलेले.

"मामा, आक्काचं ऐकायचं न्हाई का आज?"

"झोप येऊन राह्यली."

झोप येणाऱ्या माणसाच्या वरच्या ओठावर घाम नसतो. मी उभी राहिले. त्यांना कूस बदलायची होती. उजवा पाय त्यांनी उचलला. डावा उचलला नाही. चादरीवरूनच गुडघ्याला हातानं धरून तो सरकवला, एखादी वस्तू सरकवावी तसा.

"पाय दुखतोय?"

"मुंग्या आल्यात जरा. पडून पडून."

"कवापासून?"

"हाये सकाळपून."

"दाखवा."

"न्हाई भाचे."

मी डॉक्टरांना फोन लावला. मागं आरडाओरडा ऐकू येत होता. "पाय गार आहे का? नाडी लागते का? बघून सांगा, मी तसा सर्जनना घेऊन येतो." चूक त्यांचीही नव्हती. त्यांच्यासमोर माणसं रक्तात पडलेली होती, आणि माझ्याकडं सांगायला होता फक्त संशय. पायात तुकडा अडकला असेल तर हातात काही तासच असतात, आणि त्यातले सकाळचे तास मुंग्या म्हणून निघून गेले होते.

"मामा, पाय जाईल तुमचा."

"जाऊ दे. पाप न्हाई घेत." त्यांनी चादर दोन्ही मुठींत धरली. दुखणं इतकं होतं की जबडा थरथरत होता, तरी मूठ सुटेना.

चादर ओढून घेता आली असती. पण नाडी धरायला पाय स्थिर लागतो, आणि ज्याच्या झडपेवरून तुकडे सुटतायत त्याच्याशी झटापट करायची नसते. समजावायला बायको नव्हती, मुलगा नव्हता, ब्रदर नव्हते. माझ्या जागी दुसरी कुठलीही नर्स असती, बीडची, परभणीची, कुठलीही, तर त्यांनी पाय तिच्यापुढं केला असता. अडचण फक्त भाचीची होती. तेव्हा भाचीलाच घालवायला हवं होतं.

"लिंबाजीराव," मी म्हणाले. "मी तुमची भाची न्हाई."

ते हसायला गेले. "असं बोलून पाय दिसत नसतेत, भाचे."

"मी त्या गावची न्हाईच. तुम्ही गावाचं नाव काढलं, मी हौ म्हणले. पेशंट खुश ऱ्हावा म्हणून आम्ही समद्यांनाच हौ म्हणतो."

"मंग चिंच? ती कशी सांगितली तू?"

"चिंच कोणत्या गावात नसती? अंदाजानं बोलले. लागला अंदाज."

"आन् जनाकाकू म्हणली ते?"

इथं मी अडकले होते. पण खोटं एकदा सुरू झालं की वाट सापडते. "कागदं भरताना तुमच्या पोरानं सांगितलं व्हतं बहिणीचं."

चादर अजून मुठीत होती. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, "आन् कोंबड्या?"

मी म्हणाले, "बनवून सांगितल्या."

मूठ सुटली. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं आणि म्हणाले, "बघा मंग."

इतके दिवस तू म्हणणारा माणूस. "बघा," म्हणाले.

मी चादर काढली. डावा पाय गुडघ्याखालून पांढरा पडलेला, बोटं निळसर, माठाला हात लावावा तसा गार. उजव्या पायाची नाडी माझ्या बोटांना टकटक लागत होती. डाव्या पायाची जागा बदलत बदलत शोधली. काही नव्हतं. अंगठा हलवा म्हटलं, हलला नाही.

यापुढचं जल्दी झालं. आता सांगायला नुसता संशय नव्हता; पायाला नाडीच नव्हती. डॉक्टर धावत आले, सर्जन आले, ॲम्ब्युलन्स मिळाली, तुकडा काढायला त्यांना संभाजीनगरला हलवलं. एक बोट गेलं. पाय राहिला.

उरलेली इंजेक्शनं पुरी करायला ते परत आमच्याच वॉर्डात आले. मी ठरवून ठेवलं होतं, आले की सांगायचं: मामा, ते खोटं होतं, मी जनाकाकूच्या गावचीच. पहिल्याच दिवशी खाटेपाशी गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी चादर बाजूला सारून दोन्ही पाय पुढं केले. "घ्या, सिस्टर."

झडपेवर गोळा अजून होता, लहान झालेला, पण होता. सांगितलं असतं तर पाय परत चादरीत गेले असते. म्हणून मी दोन्ही पावलांवर बोटं टेकवली, नाडी मोजली, लिहून ठेवली. प्रत्येक पाळीला हेच. मुलगा आला तेव्हा लिंबाजी त्याला म्हणाले, "या बाई कामाला चोख हायेत." मला आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात नकोसं प्रमाणपत्र. दुपारी मी खाटेपाशी रेंगाळले तर ते डोळे मिटून घ्यायचे. आक्काचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. ज्या माणसाकडं बहिणीचं काहीच नव्हतं, त्याच्याकडून मी मिळालेलं तेवढंही काढून घेतलं होतं.

सुट्टी झाली त्या दिवशी त्यांची बायको पिशवीभर मोसंबी घेऊन आली. सगळ्यांना वाटली. मलाही दिली. मग इकडंतिकडं बघत नवऱ्याला म्हणाली, "आवं, ती तुमची भाची कोणती? फोनवर लै सांगत व्हते तिचं. मला वटी भरायची व्हती तिची."

मी समोर उभी होते. लिंबाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "तिची बदली झाली."

आमच्या पुढच्या पत्रकात मी मागणी लिहिली: प्रत्येक पाळीला किमान दोन नर्स. साहेबांनी कारण विचारलं तर मी खाटा आणि पेशंटचा हिशेब सांगते, कारण त्यांना तेवढंच कळतं. त्या दुपारी वॉर्डात दुसरं माणूस असतं, तर मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले असते, त्यानं पाय पाहिला असता, आणि मी आत येऊन कोंबड्यांची गोष्ट पुढं सांगितली असती. एवढ्यासाठी एक माणूस लागत होता. एक!

लिंबाजी तपासणीला येतात. बाकावर बसतात, नंबर आला की चप्पल काढून पाय पुढं करतात. झडप आयुष्यभर जपायची असते आणि पाय मला बघायचे असतात, म्हणून मी काही बोलत नाही. त्यांच्या घरी दिवाळी अंक जात नाही, हे मी विचारून घेतलंय. तेव्हा एक गोष्ट इथं लिहून टाकते. ती मी त्यांना घरी सोडायच्या दिवसासाठी राखून ठेवली होती.

भाऊबीजेला गाडीची वेळ झाली की जनाकाकू आम्हा पोरींना हाका मारायची. "जा गं, फाट्यावर जाऊन माझ्या लिंबाला घेऊन या. एवढा बाप्या झाला, पर कुत्र्याला भेतो. फाट्यावरच उभा ऱ्हाईल आन् दुसरी गाडी धरून माघारी जाईल." आम्ही जायचो. बहुतेक वर्षी गाडीतून कुणी उतरायचं नाही आणि आम्ही तशाच परत यायचो. एका वर्षी एक धोतरवाला माणूस खरंच उतरला, हातात फळांची पिशवी. मी पहिलीत असेन. सगळ्यांत लहान, म्हणून काठी मीच मागून घेतली होती. कुत्री भुंकत आली तशी मी काठी आपटली, आणि वाटेनं चालत राहिले. तो माणूस पिशवी छातीशी धरून माझ्या मागं मागं चालत होता, आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, "गेली का गं? बघ बरं, गेली का?"